साथीच्या काळात डायलिसिसचा वार चुकवू नका, प्रत्यारोपणाची गोळी सोडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वडील आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात आणि धाकट्या बहिणीची किडनी दोन वर्षांपूर्वी बदललेली आहे. श्वासावाटे पसरणारी साथ सुरू झाली की वडिलांना सेंटरला पाठवायची भीती वाटते. बहिणीच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, त्यामुळे तिचीही धास्ती. अशा वेळी वडिलांचे डायलिसिस कमी करावे का, आणि बहिणीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्यात का?

दोन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोविडच्या लाटांमध्ये किडनीचे रुग्ण सांभाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. विषाणूची भीती खरीच होती, पण त्या भीतीपोटी घरच्यांनी जे केले त्यानेही कित्येक जण अत्यवस्थ होऊन आले. कुणी दोन वेळचे डायलिसिस चुकवले होते, कुणी गोळ्या परस्पर थांबवल्या होत्या. लागण टाळता येते, झाली तर उपचारही करता येतात. पण पोटॅशियम वाढून हृदय थांबले किंवा रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी मानून नाकारल्याने, किडनी गेली, तर मागे फिरायला वाट उरत नाही. पुढचे सगळे या दोन गोष्टी धरूनच वाचा.

धोका किती होता तेही सांगतो, कारण तो लपवून उपयोग नाही. 2020 च्या पहिल्या लाटेत युरोपातल्या नोंदींनुसार डायलिसिसवरच्या किंवा किडनी बदललेल्या बाधित रुग्णांपैकी साधारण पाचातला एक जण 28 दिवसांच्या आत दगावला. हा काळ लस येण्यापूर्वीचा आणि नेमके औषध हाती नसतानाचा. पुढे चित्र बरेच सुधारले. तरी या रुग्णांना इतरांपेक्षा धोका जास्त, हे कायम राहिले. त्याची कारणे त्यांच्या आजारातच आहेत. युरिया आणि इतर विषारी घटक साठल्याने पांढऱ्या पेशी मंद काम करतात. बहुतेकांना मधुमेह किंवा हृदयविकार असतो. आणि सगळे जग घरात बसलेले असताना डायलिसिसच्या माणसाला बसता येत नाही. आठवड्यातले बारा तास त्याला इतरांसोबत एकाच खोलीत काढावे लागतात. वुहानमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात 2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीत 230 पैकी 37 रुग्णांना लागण झाली होती. म्हणजे भीती अनाठायी नाही. प्रश्न आहे तो त्या भीतीचे काय करायचे, याचा.

आता डायलिसिस चुकवले तर काय होते ते पाहू. तीन वारांच्या वेळापत्रकात आठवड्यात एकदा दोन दिवसांचा मोठा खंड पडतोच. एवढ्या नेहमीच्या खंडानंतरच्या दिवशीही हृदयाच्या तक्रारी आणि मृत्यू वाढतात, हे 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. तो खंड आपण स्वतःहून चार दिवसांचा केला तर काय होईल? रक्तातले पोटॅशियम साडेसहाच्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि बऱ्याचदा कुठलीही पूर्वसूचना मिळत नाही. पाय जड वाटतात, अंगातली ताकद गेल्यासारखी होते, आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. दुसरीकडे पाणी साठत जाते, फुफ्फुसात उतरते, रात्री आडवे झाले की दम लागतो. साथीच्या दिवसांत दम लागलेल्या माणसाला सगळे आधी विषाणूचा संशयित मानतात. तो तपासणीच्या रांगेत थांबतो आणि डायलिसिस आणखी लांबते.

म्हणून नियम एकच: ताप असो, खोकला असो, तपासणी पॉझिटिव्ह आलेली असो, डायलिसिस होणारच. कुठे, कोणत्या वेळेला आणि कोणत्या खुर्चीवर, एवढेच बदलेल. निघण्यापूर्वी सेंटरला फोन करून लक्षणे सांगा, म्हणजे ते तयारी ठेवतील. लक्षणे लपवून नेहमीच्या शिफ्टला जाऊन बसू नका. शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही तुमच्या वडिलांइतकाच नाजूक असतो. आणि सेंटर चालवणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे: पॉझिटिव्ह आला म्हणून आपल्या नेहमीच्या रुग्णाला दारातून परत पाठवू नका. त्याला जागा देता येत नसेल, तर दुसरीकडे जागा ठरवून, तिथे बोलून, कागद हातात देऊन मगच पाठवा. ‘दुसरीकडे बघा’ एवढेच ऐकून बाहेर पडलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, ते आम्ही अपघात विभागात पाहिले आहे.

तीनाचे दोन वार करता येतात का, हा प्रश्न सेंटरकडूनही येतो, विशेषतः टेक्निशियन आणि परिचारिका स्वतः आजारी पडून कर्मचारी कमी झाले की. काही निवडक रुग्णांत तात्पुरते करता येते. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, दोन डायलिसिसच्या मधे ज्यांचे वजन फार वाढत नाही, ज्यांचे पोटॅशियम मागच्या काही महिन्यांत आटोक्यात राहिले आहे आणि ज्यांचे हृदय बरे आहे, असे रुग्ण. त्यांना लघवी वाढवणारी गोळी, पोटॅशियम आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर आणि कडक पथ्य देऊन, रक्त तपासत राहून हे निभावते. ज्यांना लघवी अजिबात होत नाही, त्यांच्यात मी हे करत नाही. कधी वेळ अगदीच कमी पडला, तर तीन वार कायम ठेवून प्रत्येक वेळचा अर्धा तास कमी करणे मला जास्त सुरक्षित वाटते, कारण मोठा खंड पडत नाही. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, वेळापत्रक लिहिणाऱ्याचा नाही आणि घरच्यांचाही नाही.

पथ्यावर थोडे जास्त लिहितो, कारण साथीत आणि टाळेबंदीत घरच्यांच्या हातात खरोखर असते ते हेच. पाणी किती? दिवसभरात होणाऱ्या लघवीइतके, अधिक साधारण अर्धा लिटर. यात चहा, दूध, सूप, बर्फ सगळे आले. मीठ कमी केले की तहान कमी होते. उलट खारट खायचे आणि पाणी तोडायचे, हे कुणालाच जमत नाही. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. ते डायलिसिसच्या माणसाला अजिबात द्यायचे नाही. बटाटा आणि पालेभाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून दिले की पोटॅशियम बरेच उतरते. वाहतूक बंद पडली, सेंटर अचानक बंद झाले, तर त्या दोन-तीन दिवसांसाठी वेगळा आपत्कालीन आहार असतो: पाणी निम्म्यावर, फळे आणि रस जवळजवळ बंद, प्रथिनेही थोडी कमी. तो तुमच्या आहारतज्ज्ञांकडून आजच लिहून घ्या. हा आहार डायलिसिसच्या जागी चालत नाही, फक्त डायलिसिस मिळेपर्यंत वेळ काढून देतो. आणि वजनकाटा घरात हवाच. रोज सकाळी, एकाच वेळी, वजन वहीत लिहायचे.

साथ आली की प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोष्टींचा पूर येतो, आणि प्रेमापोटी घरचे त्या आजारी माणसाला आधी देतात. कृपा करून देऊ नका. व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत रोज घेतले की शरीरात त्याचे ऑक्सलेट होते. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि बदललेल्या किडनीत ते साठून तिचेच नुकसान करते. व्हिटॅमिन डी बेहिशेबी घेतले की कॅल्शियम चढते. वनस्पतींचे अर्क आणि काढे यांत किती पोटॅशियम आहे, आणखी काय आहे, ते कुणालाच ठाऊक नसते. आणि ज्या बहिणीच्या शरीराने नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये यासाठी आम्ही रोज औषध देतो, तिची प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ अर्थ काय होतो, याचा विचार करा.

सेंटर कसे असावे? डायलिसिस विभागांची संसर्गाबाबतची शिस्त मुख्यतः रक्तातून पसरणाऱ्या आजारांतून आली आहे. 1960 च्या दशकात हेपॅटायटिस बीने या विभागांत रुग्ण आणि कर्मचारी दोघांचेही फार नुकसान केले. त्यातून वेगळे मशीन, वेगळी जागा, दर रुग्णामागे हातमोजे बदलणे या सवयी लागल्या. श्वासातून पसरणाऱ्या साथीला एवढे पुरत नाही. कोविडच्या रुग्णासाठी वेगळे मशीन अनिवार्य नाही. नेहमीचे आतले निर्जंतुकीकरण आणि बाहेरची पुसापुशी नीट झाली की तेच मशीन पुढच्या रुग्णाला चालते. वेगळी हवी असते ती हवा. म्हणून मशीनवर फवारे मारण्यापेक्षा खिडक्या उघडता येतात का, खुर्च्यांमध्ये सहा फूट अंतर आहे का, चारही तास मास्क नाकावर राहतो का आणि डायलिसिस चालू असताना खाणे बंद केले आहे का, हे आधी पाहा. मास्क उतरतो तो खाण्यासाठीच. रुग्णाने घरून खाऊन यावे. मधुमेही असेल तर साखर उतरण्याची शक्यता ध्यानात ठेवून टेक्निशियनला सांगून ठेवावे.

प्रतीक्षाकक्षाकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. एक शिफ्ट उठते आणि दुसरी बसायला येते, त्या वेळी दोन्ही शिफ्टचे रुग्ण आणि नातेवाईक एकाच छोट्या खोलीत दाटतात. दोन शिफ्टच्या मधे मोकळा वेळ ठेवावा, रुग्णाने बाहेर किंवा गाडीतच थांबावे आणि बोलावल्यावर आत यावे. संशयित रुग्ण शेवटच्या शिफ्टला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, शक्य तर वेगळ्या खोलीत. पॉझिटिव्ह रुग्णांजवळ काम करणारे कर्मचारी ठरावीक असावेत, चांगल्या बसणाऱ्या एन-95 मास्कसह. आजारी वाटत असूनही कामावर येणारा टेक्निशियन हा त्या विभागातला सगळ्यात मोठा धोका असतो. तो येतो कारण त्याच्या जागी दुसरा कुणी नसतो किंवा रजेचा पगार कापला जातो. सेंटरच्या चालकांनी हा प्रश्न सोडवल्याशिवाय भिंतीवरच्या सूचनांना अर्थ नाही. येण्याजाण्याची व्यवस्थाही याच हिशेबात धरा. चार रुग्णांना एकाच गाडीतून काचा बंद करून आणायचे आणि आत अंतर मोजत बसायचे, यात काही साधत नाही.

आता सगळ्यात कठीण भाग, लक्षणे ओळखणे. डायलिसिसच्या रुग्णाचे नेहमीचे तापमान बहुधा इतरांपेक्षा थोडे कमीच असते. त्यामुळे थर्मामीटरवर किरकोळ दिसणारा आकडाही त्याच्यासाठी ताप असू शकतो. किडनी बदललेल्या रुग्णात स्टिरॉइडमुळे ताप दबतो आणि पहिले लक्षण जुलाब किंवा भूक मंदावणे हेच असते. याच्या उलट चूकही होते: ताप म्हणजे साथीचाच आजार, असे धरून चालणे. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी) असलेल्या रुग्णाला डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आला, तर आधी कॅथेटरमधला जंतुसंसर्ग मनात आला पाहिजे. विषाणूची तपासणी करा, पण प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घ्यायला विसरू नका. किडनी बदललेल्यांत लघवीचा संसर्ग, क्षयरोग, सीएमव्ही (प्रतिकारशक्ती दबलेल्यांत उसळणारा एक विषाणू) हे साथ आली म्हणून रजेवर जात नाहीत.

दम लागण्याचेही तसेच. फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन आणि विषाणूजन्य न्यूमोनियाचा सीटी स्कॅन दोन्ही धुरकट दिसतात. स्कॅनचा अहवाल वाचून निष्कर्ष काढण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारतो: ड्राय वेटपेक्षा (अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा) वजन किती वर आहे, शेवटचे डायलिसिस पूर्ण वेळ झाले होते का, आणि आडवे झाल्यावर दम वाढतो का. वजन चार किलो वर असेल तर आधी पाणी काढायचे आणि मग पुन्हा ऑक्सिजन मोजायचा. बऱ्याचदा चार तासांत उत्तर मिळते. पाणी काढूनही ऑक्सिजन खालीच राहिला, तर न्यूमोनिया गंभीरपणे घ्यायचा. आणखी एक गोष्ट: आजारपणात खाणे कमी होते, अंगावरचे मांस उतरते आणि खरे ड्राय वेट खाली येते. जुनेच ड्राय वेट धरून बसले तर काट्यावर सगळे ठीक दिसते आणि छातीत पाणी राहते. ऑक्सिमीटर फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताच्या बोटाला लावा. बोटे गार असतील तर चोळून गरम करून मगच आकडा घ्या.

रुग्णालयात दाखल झाल्यावर काही गोष्टी किडनीच्या डॉक्टरांनी इतर विभागांना सांगत राहाव्या लागतात, आणि नातेवाइकांना त्या ठाऊक असतील तर बरेच. डायलिसिसच्या रुग्णात ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची तपासणी), डी-डायमर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि शिरेतून लोह देत असल्याने फेरिटिन (लोहसाठ्याची तपासणी) हे एरवीही वाढलेले असतात. एकट्या आकड्यावरून घाबरण्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, ते पाहायचे. जुने रिपोर्ट सोबत न्यायचे ते यासाठीच. इनॉक्सापरिनसारखी रक्त पातळ करणारी इंजेक्शने किडनी बंद असताना शरीरात साठतात, म्हणून साधे हेपॅरिन बहुधा बरे. त्याच वेळी कोविडमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो आणि डायलिसिस चालू असताना फिल्टर गोठतो, त्यामुळे हेपॅरिनचे प्रमाण रोज नव्याने ठरवावे लागते. रुग्णाला पोटावर झोपवले तर फिस्टुलाचा हात अंगाखाली दबणार नाही, हे पाहायला कुणीतरी हवे. फिस्टुलातून रक्त वाहत असल्याची खूण असलेली त्या हातातली थरथर दिवसातून दोनदा तपासायची. रक्तदाब उतरला, हात दबला आणि फिस्टुला बंद पडला, तर माणूस साथीतून वाचतो पण पुढची वर्षे कॅथेटरवर काढतो. रेमडेसिविर सुरुवातीला किडनी निकामी असलेल्यांना टाळले जाई, कारण त्या इंजेक्शनमधला वाहक घटक शरीरात साठण्याची भीती होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै 2023 मध्ये डायलिसिसच्या रुग्णांतही ते वापरायला मान्यता दिली.

पोटाचे डायलिसिस (पिशवीतले द्रावण पोटात सोडून घरीच केले जाणारे) करणाऱ्यांची स्थिती साथीत खूपच बरी राहते, कारण त्यांना सेंटरला जावे लागत नाही. पिशव्यांचा किमान दोन आठवड्यांचा साठा घरात ठेवा. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले तर साथ आहे म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. नव्याने डायलिसिस सुरू करायची वेळ आलेल्यांनी हा पर्याय डॉक्टरांशी जरूर बोलावा.

आता बहिणीकडे वळू. तिच्या गोळ्या तीन प्रकारच्या असणार: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड, म्हणजे बहुधा प्रेडनिसोलोन. ती बरी आहे, लागण झालेली नाही, तर यातली एकही गोळी साथीच्या भीतीने कमी करायची नाही. रिजेक्शन झाले तर ते उलटवण्यासाठी स्टिरॉइडची मोठी मात्रा आणि कधी त्याहून जोरदार औषधे द्यावी लागतात. म्हणजे ज्या धोक्याला घाबरून गोळ्या बंद केल्या, तोच धोका कित्येक पटींनी वाढवून घेतला. किडनी गेली तर पुन्हा डायलिसिस आणि शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीजमुळे पुढचा दाता मिळणे अवघड.

लागण झालीच, तर गोळ्यांचा क्रम डॉक्टर ठरवतात. साधारण रीत अशी: सौम्य आजारात सगळे तसेच ठेवायचे किंवा मायकोफेनोलेट कमी करायचे. ताप, खोकला वाढला, न्यूमोनिया दिसला की मायकोफेनोलेट थांबवायचे. रुग्ण ऑक्सिजनवर गेला आणि आजार वाढतच राहिला, तरच टॅक्रोलिमस कमी करायचे. स्टिरॉइड मात्र थांबवायचे नाही. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेतलेल्या शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. आजारपणात शरीराला स्टिरॉइडची गरज वाढते, आणि नेमकी त्याच वेळी गोळी बंद झाली तर रक्तदाब कोसळतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनने द्यावी लागते, म्हणून दोन वेळा उलटून पडली की लगेच कळवा. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम रोज दिल्याने मृत्यू कमी होतात, हे जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले. एवढी मात्रा साधारण 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची असते, म्हणून त्या दिवसांत रोजची छोटी गोळी वेगळी देत नाहीत. डेक्सामेथासोन संपले की ती पुन्हा सुरू झाली ना, हे घरच्यांनी आठवणीने विचारायचे. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावरून हीच ओळ गळते.

औषधांची एकमेकांशी होणारी टक्कर या विषयावर मी बैठका घेऊन बोलतो, इतकी ती महत्त्वाची वाटते. टॅक्रोलिमस यकृतातल्या ज्या यंत्रणेने मोडले जाते, तीच यंत्रणा इतर अनेक औषधे बंद पाडतात. कोविडवरच्या निर्माट्रेलविर-रिटोनाविर या जोडगोळीतले रिटोनाविर हे त्यातले सर्वात जोरदार. टॅक्रोलिमस चालू ठेवून ते दिले तर त्याची रक्तातली पातळी काही दिवसांतच विषारी होते: हात थरथरतात, डोके दुखते, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला घटक) चढते. ते द्यायचेच असेल तर टॅक्रोलिमस पूर्ण थांबवून, कोर्स संपल्यावर काही दिवसांनी पातळी पाहून पुन्हा सुरू करतात. जिथे पातळी लवकर तपासून मिळत नाही तिथे दुसरे औषध निवडणे बरे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल याही पातळी वाढवतात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन उलट ती पाडते. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झालेल्या किडनी बदललेल्या रुग्णांत ही अडचण टोकाला गेली: बुरशीवरच्या औषधांपैकी अॅम्फोटेरिसिन किडनीला घातक, पोसाकोनाझोल टॅक्रोलिमसला भिडणारे. ती वेळ येऊ नये म्हणून स्टिरॉइड चालू असताना रक्तातली साखर दिवसातून अनेकदा पाहायची आणि गरज पडली तर इन्सुलिन द्यायला मागे हटायचे नाही. म्हणून नियम: कोणत्याही डॉक्टरने कोणतेही नवे औषध लिहिले, तर पहिली गोळी घेण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या टीमला त्याचे नाव कळवायचे. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरात ठेवूच नका.

जुलाबाचे गणित वेगळे आहे. जुलाब झाले की औषध कमी शोषले जाईल असे वाटते, पण टॅक्रोलिमसची पातळी जुलाबात वाढते. त्यात शरीरातले पाणी कमी झालेले, म्हणजे किडनीला दोन्ही बाजूंनी मार. किडनी बदललेल्या माणसाने पाणी भरपूर प्यायचे असते, वडिलांच्या अगदी उलट. एकाच घरात हे दोन नियम चालतात, त्यामुळे दोघांचे कागद वेगळे ठेवा. रक्तदाबाच्या एसीई आणि एआरबी गोळ्या विषाणूला मदत करतात, अशी चर्चा 2020 च्या सुरुवातीला झाली आणि अनेकांनी त्या सोडल्या. पुढच्या चाचण्यांत त्या सोडून फायदा दिसला नाही. फक्त उलट्या-जुलाब चालू असतील तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवस थांबवाव्या लागू शकतात.

फोनवरची तपासणी साथीत फार उपयोगी पडते. वजन, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, साखर एवढे सांगितले की बरेच निभावते. पण क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसची पातळी फोनवर कळत नाही, आणि रिजेक्शन दुखत नाही. पहिल्या वर्षातल्या रुग्णाने रक्ततपासणी लांबवू नये. जवळच्या प्रयोगशाळेत गर्दी नसलेल्या वेळी जावे किंवा घरी येऊन रक्त नेण्याची सोय पाहावी. गोळ्यांचा महिनाभराचा जादा साठा ठेवा. पुरवठा तुटल्याने टॅक्रोलिमसची कंपनी बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवून पातळी पुन्हा तपासून घ्या.

लसीबद्दल थोडक्यात पण ठामपणे. दोघांनीही घ्यायची, आणि घरातल्या प्रत्येकाने घ्यायची. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अवयव प्रत्यारोपण झालेल्यांपैकी पहिल्या डोसनंतर 17 टक्के आणि दुसऱ्यानंतर 54 टक्के लोकांतच अँटीबॉडीज दिसल्या. डायलिसिसच्या रुग्णांत प्रतिसाद याहून बराच चांगला असतो. किडनी बदललेल्यांत तो कमी, म्हणूनच त्यांना तिसरा आणि पुढचे डोस लागतात, आणि लस घेऊनही मास्क सुटत नाही. प्रत्यारोपण ठरलेले असेल तर लस त्याआधी किमान दोन आठवडे पूर्ण करावी, कारण नंतर शरीर तितका प्रतिसाद देत नाही. जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर चालत नाहीत. डायलिसिसच्या रुग्णाला लस फिस्टुला नसलेल्या हातावर द्यायला सांगा.

प्रतीक्षायादीत असलेल्यांचे हाल वेगळेच. 2020 च्या वसंत ऋतूत फ्रान्समध्ये मृत दात्यांकडून होणारी प्रत्यारोपणे सुमारे 90 टक्क्यांनी आणि अमेरिकेत सुमारे निम्म्याने घटली होती. या काळात यादीतल्या रुग्णाला गरज नसताना रक्त चढवू देऊ नका. दुसऱ्याच्या रक्तातून शरीर अँटीबॉडीज तयार करते आणि पुढे जुळणारी किडनी मिळणे कठीण होते. हिमोग्लोबिन खाली येत असेल तर लोह आणि एरिथ्रोपोएटिनची (शरीराला रक्तपेशी बनवायला लावणारी) इंजेक्शने वेळेवर चालू ठेवा. डायलिसिस नियमित ठेवा, म्हणजे प्रत्यारोपण पुन्हा सुरू होईल तेव्हा शरीर शस्त्रक्रियेला तयार असेल.

बरे झाल्यावरही किडनी बदललेल्या रुग्णाच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे राहू शकतो, त्यामुळे इतरांसाठीचा विलगीकरणाचा कालावधी त्याला तसाच लावू नका. डायलिसिसच्या रुग्णाला नेहमीच्या शिफ्टला परत कधी बसवायचे, हेही सेंटरच्या डॉक्टरांनीच ठरवावे. थांबवलेले मायकोफेनोलेट पुन्हा कधी सुरू करायचे, याची तारीख घरी जाण्यापूर्वी लिहून घ्या. सुरू केल्यानंतर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन दर आठवड्याला पाहा.

आजच करून ठेवण्यासारखे एक काम आहे. दोघांसाठी एकेक पान तयार करा. वडिलांच्या पानावर ड्राय वेट, डायलिसिसचे वार आणि तास, फिस्टुलाचा हात, हेपॅरिनचे प्रमाण, हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. बहिणीच्या पानावर तिन्ही गोळ्यांची मात्रा आणि वेळ, शेवटची टॅक्रोलिमस पातळी, नेहमीचे क्रिएटिनिन आणि प्रत्यारोपणाच्या टीमचा फोन. दोन्ही पानांचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. अनोळखी रुग्णालयात मध्यरात्री पोहोचलात तर तिथले डॉक्टर हेच विचारतील, आणि हे रिपोर्ट हातात नसले तर दुसऱ्या सेंटरमध्ये डायलिसिस सुरू व्हायला तासन्‌तास जातात.